चार्जिंग बरोबर आहे

सेल्फचं बटण दाबलं की गाडीने आधी जरा कुरकुर करायची आणि मग चालू व्हायचं, हा आमचा रोजचा करार होता. त्या पहाटे नुसतं 'टक' झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा 'टक'. तिसऱ्यांदा तेवढंही झालं नाही. किक मारून पाहिली, पण या गाडीच्या ठिणगीलाही बॅटरीच लागते. बॅटरी मेली की किक म्हणजे नुसता पायाचा व्यायाम. डिसेंबर महिना, अजून उजाडायचं होतं, सिलतऱ्याच्या कारखान्यात पहिली पाळी धरायची होती आणि मी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत हेल्मेट घालून मेलेल्या गाडीवर बसलो होतो.

मी मुळातच भित्रा माणूस आहे. लहानपणी ट्रान्सफॉर्मरखालून जाताना श्वास धरून ठेवायचो. अजूनही अवेळी फोन वाजला की तो उचलेपर्यंत माझ्या मनात कोणीतरी गेलेलं असतं. त्यामुळे गाडी बंद पडली की इतरांना वैताग येतो, मला धडकी भरते. पण त्या दिवशीची धडकी गाडीपायी नव्हती. मागे दारात बाबा उभे होते. अंगावर शाल, एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात माझी.

"काय झालं रे? उतरली काय बॅटरी?"

"हो बाबा. काल तर चांगली होती."

"अशी एका रात्रीतून नाही उतरत," ते म्हणाले. ते बरोबर बोलत होते, आणि त्यांच्या पायांकडे पाहायला मला नको वाटत होतं.

बाबा रेल्वेत होते. प्रवासी डब्याच्या पोटाखाली बॅटऱ्यांच्या पेट्या असतात, गाडी उभी असली तरी आतले दिवे-पंखे त्यांच्यावर चालतात. त्या बॅटऱ्या सांभाळणं हे त्यांचं काम. सगळी नोकरी यार्डात डब्यांखाली वाकून गेली. ॲसिडने त्यांच्या पँटींना भोकं पडायची आणि आई ती रफू करता करता रेल्वेच्या समस्त साहेबांचा उद्धार करायची. आम्ही मूळचे अमरावतीकडचे, पण माझं आणि ताईचं सगळं रायपुरातच झालं. पुढे आई गेली. ताई लग्न होऊन नागपूरला गेली. माझं लग्न जमलं नाही, त्याची कारणं सांगायला वेगळी बैठक लागेल. घरात आम्ही दोघे पुरुष उरलो.

त्या वर्षी उन्हाळ्यात एकदा बाबांनी दूध तापायला ठेवलं आणि ते शेजारी जाऊन बसले. पातेलं काळं झालं, घरभर धूर. असं कोणाच्याही हातून होतं, मी म्हटलं. मग दिवाळीच्या आधी ते भाजी आणायला गेले आणि ब्राह्मणपाऱ्यातून त्यांना घरचा रस्ता सापडेना. ब्राह्मणपारा हा शेजारचा मोहल्ला, इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. तिथून आमची गल्ली म्हणजे चहा थंड होण्याच्या आत यावं एवढं अंतर. एका ओळखीच्या पानठेलेवाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. बाबा दारातून हसत आले. "सगळा पाराच बदलून टाकला साल्यानं, घरं ओळखूच येत नाहीत," म्हणाले. मीही हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात उभा राहिलो.

मला एकच गोष्ट हवी होती. बाबांचं डोकं शाबूत आहे, एवढं कोणीतरी मला सांगावं. आणि ज्याच्याकडे जाऊन हे विचारायचं त्या डॉक्टरकडे जायची छाती होत नव्हती, कारण तो दुसरंच काही बोलला तर? ताई दर रविवारी फोनवर विचारायची, "बाबाले दाखवलं काय दवाखान्यात?" मी म्हणायचो, "दाखवतो ना. काही नाही, वयाचं आहे." ताई म्हणायची, "तू भेते, म्हणून नेत नाही." ती माझी सख्खी बहीण आहे, तिला काय सांगायचं!

तर गाडी. बॅटरी जुनी होतीच, मी नवी आणून बसवली. चार दिवस गाडी सुतासारखी सरळ चालली. पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा 'टक'.

बाबांनी नवी बॅटरीही उतरल्याचं ऐकलं आणि त्यांच्या अंगात जे वारं शिरलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. पलंगाखालून त्यांची हत्यारांची पेटी निघाली. पेटीतून त्यांचं काट्याचं जुनं मीटर निघालं, फडक्यात गुंडाळलेलं. त्यांचा चार्जर निघाला, जो उचलायला दोन हात लागतात. बॅटरी रात्रभर त्याच्यावर लावून सकाळी त्यांनी ती बसवली आणि मला हुकूम सोडला, "चालू कर. आता रेस दे. जास्त नको बे, बस, धरून ठेव तिथंच." मीटरच्या दोन वायरी बॅटरीला लावून ते काट्याकडे पाहत राहिले. काटा चौदाच्या जरा पुढे जाऊन थांबला.

"चार्जिंग बरोबर आहे," ते म्हणाले. "गाडी बॅटरीले भरून राहिली. म्हणजे गडबड भरण्यात नाही."

मग त्यांनी गाडी बंद केली, चावी काढली, बॅटरीची एक वायर सोडून मधे मीटर लावलं. गाडी बंद असताना कुठून वीज चोरून वाहत असेल तर इथे काटा हलतो, असं त्यांनी समजावलं. मी शाळेतल्या पोरासारखा वाकून पाहत होतो. काटा जागचा हलला नाही.

"लीकेजही नाही," बाबा म्हणाले आणि बोटं पुसत बसले. लाल वायर कुठली, काळी कुठली, आधी कुठली सोडायची, नंतर कुठली जोडायची, एकदाही चुकले नाहीत. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी जिलेबी आणली. ज्या माणसाला हे सगळं आठवतं त्याच्या डोक्याला काय धाड भरलीय! ताईला फोन करून सांगितलंसुद्धा, आपले बाबा एकदम ठणठणीत आहेत. रविवार नव्हता तरी.

त्यानंतरच्या आठवड्यात गाडीने मला रस्त्यात गाठलं.

त्या पहाटे ती चालू झाली होती, पण नाइलाजाने, आजारी माणूस उठून बसावा तशी. मला तेव्हाच परत फिरायला हवं होतं. फाफाडीहपर्यंत ठीक होतं. भनपुरीच्या पुढे कारखान्यांचा धूर आणि धुकं मिळून असं काही झालं होतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत, ट्रक दिसत नव्हता. त्या रस्त्यावर कोळशाचे, लोखंडाचे, राखेचे ट्रक रात्रंदिवस चालतात आणि दुचाकीवाल्याने त्यांच्यामधून आपली वाट काढायची असते. पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, मी ब्रेक मारला. गाडीचा वेग उतरला तसा माझा दिवा पिवळा पडला, मग विडीच्या टोकाएवढा झाला, आणि गाडी घशात काहीतरी अडकल्यासारखी दोनदा खोकून बंद पडली. दिवा नाही. मागचा लाल दिवाही नाही. काळ्या रस्त्यावर, काळ्या धुरात, काळं जॅकेट घातलेला मी.

मागून हॉर्न आला. ट्रकचा हॉर्न अंगात शिरतो, छातीच्या पिंजऱ्यात वाजतो. मी बटण दाबत होतो आणि काही होत नव्हतं. उतरून गाडी ढकलायची एवढी साधी गोष्ट मला सुचत नव्हती, पाय जमिनीला चिकटले होते. ट्रकचे दिवे माझ्या पाठीवर पडले, माझी सावली पुढे लांब पसरली आणि आखूड होत होत माझ्याकडे यायला लागली. मी आईला हाक मारली. चाळिशी ओलांडलेला माणूस, मोठ्याने, "आई गं!" मग कसा कोण जाणे गाडीसकट डावीकडच्या मातीत गेलो आणि ट्रक हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला, त्याच्या वाऱ्याने हेल्मेटची काच वर उडाली.

कितीतरी वेळ मी त्या मातीत बसून होतो. जिवंत आहे याचा आनंद वगैरे काही झाला नाही. पाळीला गेलो नाही. एका टेम्पोवाल्याने गाडी मागे घातली आणि मला तात्यापाऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकच्या दारात सोडलं. बाबांना यातलं काही सांगायचं नाही असं मी वाटेतच ठरवलं. दुपारी नेहमीच्या वेळी घरी गेलो तर माझ्या पँटीची माती पाहून त्यांनी विचारलं, "पडला काय?" मी म्हटलं, घसरलो जरासा. त्यांनी माझे दोन्ही कोपर उलटसुलट करून पाहिले.

मेकॅनिक हा छत्तीसगढी माणूस, माझ्याच वयाचा, तोंडात कायम सुपारी. त्याने दोन दिवस गाडी ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर गाडी पुसून उभी.

"भैया, कुछ नहीं है इसमें."

"असं कसं? क्या निकला?"

"अरे वही तो बोल रहा हूँ, कुछ नहीं निकला. बैटरी नई है, टनाटन. चार्जिंग फस्टक्लास. वायरिंग पूरी खोल के देख ली. दो दिन मेरे पास खड़ी रही, एक बार में स्टार्ट." त्याने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "घर में बच्चा-वच्चा है क्या? चाबी घुमा के खेलता होगा."

"नहीं, बच्चा तो नहीं है."

"तो कोई बड़ा होगा," तो हसत म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

मी तिथेच उभा राहिलो. त्याला तो विनोद वाटला होता.

मी म्हटलं, "भैया, तो रेग्युलेटर बदल दो."

"काहे को? अच्छा है वो."

"बदल दो ना. और वो मेन स्विच भी."

तो माझ्याकडे पाहत राहिला. गिऱ्हाईक घासाघीस करतं हे त्याला माहीत होतं, चांगले सुटे भाग बदलून द्या म्हणून हातापाया पडणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदा पाहिलं असावं. मला काहीतरी बिघडलेलं हवं होतं. एखादी जळकी वायर, गंजलेलं टोक, हातात धरून 'हा बघा चोर' म्हणता येईल असं काहीही. गाडीतली एकेक गोष्ट चांगली निघत होती आणि प्रत्येक चांगल्या गोष्टीबरोबर संशय गाडीतून बाहेर सरकून आमच्या घराच्या दाराशी येत होता. शेवटी त्याने रेग्युलेटर आणि स्विच, दोन्ही बदलले. चार-पाच दिवसांनी पहाटे पुन्हा 'टक'.

आता उलगडा करायचा तर फार सोपा होता. चावी आमच्या दाराशेजारच्या खिळ्याला लटकलेली असते. ती आठवडाभर माझ्या उशीखाली ठेवायची. बॅटरी उतरली नाही तर समजायचं. कोणाला विचारायला नको, मीटर नको, डॉक्टर नको.

मी ते केलं नाही. रोज कारखान्यातून घरी आलो की चावी नीट, मुद्दाम, त्याच खिळ्याला अडकवायचो. लपवली असती तर उत्तर मिळालं असतं, आणि मला उत्तर नको होतं. त्यापेक्षा रोज पहाटे बटणावर अंगठा ठेवताना घाबरणं मी पत्करलं. ती भीती निदान लहान होती.

पहिल्या पाळीचा माणूस दुपारी घरी येतो, जेवतो आणि मेल्यासारखा झोपतो. मीही तसाच. उठायचो तेव्हा दिवेलागण झालेली असायची आणि बाबा चहा ठेवत असायचे. दुपारी ते काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं. पेपर वाचत असतील, गल्लीत बसत असतील, असं धरून चालायचो.

जानेवारीतली एक दुपार होती. माझी दाढ दुखत होती म्हणून झोप लागत नव्हती. डोळे मिटून पडलो होतो. खिळ्यावरून चावी निघाल्याचा आवाज आला. किती लहान आवाज तो! मी तो ऐकला आणि अंगावरची चादर घट्ट धरली.

उठायला मला बराच वेळ लागला. खिडकीचा पडदा जरासा सरकवून पाहिलं.

बाबा गाडीशेजारी स्टुलावर बसले होते. सीट काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. मीटरच्या वायरी बॅटरीला लावलेल्या, मीटर त्यांच्या मांडीवर. चावी चालू. समोरचा दिवा चालू. भर उन्हात तो समोरच्या भिंतीवर फिकट पिवळा डाग पाडत होता. बाबा काट्याकडे पाहत बसले होते, शांत, सावध, पाठ ताठ. मी लहान असताना ते यार्डात असेच दिसायचे. आईने डबा देऊन पाठवलं की मी लांब उभा राहून पाहायचो.

त्यांचं काय चाललं होतं ते मला लगेच कळलं. लहानपणी जेवताना हे सगळं ऐकलेलं. नुसतं मीटर लावून बॅटरीची तब्येत समजत नाही. डब्यातले सगळे दिवे, सगळे पंखे लावायचे, बॅटरीवर ओझं टाकायचं आणि बसून राहायचं. काटा किती वेळात किती खाली येतो ते पाहायचं. याला ते लोड देणं म्हणायचे. माझे बाबा माझ्या गाडीच्या बॅटरीला लोड देत होते. दुसऱ्या कोणाच्या बापाला हे सुचलं नसतं.

ते अर्धा तास तसे बसले असतील. मग मान हलवून त्यांनी चावी बंद केली, वायरी काढल्या, सीट बसवली, फडक्याने टाकी पुसली. आत येऊन चावी खिळ्याला लावली. मी भिंतीला चिकटून उभा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला चक्क हसूही येत होतं. एवढंच होतं तर! बॅटरी का उतरते हे शोधण्यासाठी ते दिवा लावून बसत होते, आणि त्या दिव्याने ती उतरत होती. हे वेड नव्हे, हा तर नुसता जुना कामगार. आता उठून सांगायचं, बाबा, हा रेल्वेचा डबा नाही, हिची बॅटरी मुठीएवढी आहे. दोघं मिळून हसायचं आणि ताईलाही सांगून हसवायचं. कितीतरी दिवसांनी माझी छाती मोकळी झाली.

बाबांनी मोरीत हात धुतले. माठातलं पाणी घेऊन प्याले. दाराशी येऊन उभे राहिले आणि गाडीकडे पाहत राहिले. मग स्वतःशीच, पण मला स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाले, "पोट्ट्याची गाडी धोका देऊन राहिली. आज जरा लोड देऊन पाहतो."

आणि त्यांनी खिळ्यावरची चावी काढली.

ते पुन्हा बाहेर गेले. पुन्हा सीट काढून भिंतीला टेकवली. पुन्हा वायरी, आधी लाल, मग काळी, तसंच काळजीपूर्वक, पहिल्यांदाच करत असल्यासारखं. त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि त्यावर कुठेही शंका नव्हती. त्या चेहऱ्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या ट्रकची वाटली नव्हती.

मी बाहेर गेलो. अनवाणीच गेलो.

"उठला काय? बस," ते खुशीत म्हणाले. "बरं झालं आला. मी म्हटलं, आज लोड देऊन पाहावं. तुले रस्त्यात त्रास होऊन राहिला."

मी पायरीवर बसलो. त्यांनी चावी फिरवली, दिवा लावला. मग एकेक बोट मिटत मला हिशेब दिला, "पाह्य. चार्जिंग बरोबर आहे. लीकेज नाही. बॅटरी नवी आहे. रेग्युलेटर, स्विच तू बदलून आणलं. मग राहिलं काय?"

दिव्याची काच धुळीने मळली होती. बोलता बोलता त्यांनी ती पुसायला हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. मग पुन्हा, सावकाश, बोटांची मागची बाजू काचेजवळ नेली.

"हे गरम काहून आहे?"

"दिवा लावलाय ना बाबा."

"आत्ता लावला. तुझ्यासमोर लावला. एवढ्यात इतका गरम होत नाही." ते मीटरकडे वळले. काटा पाहिला. "आणि हे पाह्य, बॅटरीही खाली आली आहे. हा दिवा आधी लागून होता. तू लावला होता काय?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. मीच लावला होता बाबा, विसरलो. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. ते म्हटलं असतं तर आजचा दिवस निघाला असता, उद्याचाही कदाचित. पण बाबा माझ्याकडे पाहत होते, आणि बॅटऱ्यांमध्ये जन्म घालवलेल्या त्या माणसाला खोटं उत्तर नको होतं. ते मीटरला जसं विचारत तसं मला विचारत होते.

"नाही बाबा."

"मग?"

"तुम्हीच लावला होता. आत्ता, थोड्या वेळापूर्वी. अर्धा तास बसला होता तुम्ही. मी खिडकीतून पाहिलं."

त्यांनी चावी बंद केली. दिवा गेला. गल्लीतून एक मुलगा सायकलची घंटी वाजवत गेला, तो जाईपर्यंत ते थांबले.

"रोज करतो काय मी हे?"

मला तेव्हाही पळवाट होती. मी म्हटलं, "हव."

ते कितीतरी वेळ वायरी गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्या तरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं, तूच चावी चालू ठेवून विसरून राहिला. ड्यूटीनं थकते पोट्टा, ध्यान राहत नाही. बोललो नाही तुले. म्हटलं, आधीच भित्रा आहे, अजून घाबरंल."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझे बाबा विजेला, ॲसिडला, साहेबाला, कशालाच कधी भ्याले नव्हते. मी पुरता घाबरलेला असूनही हात काढला नाही.

"मले भेव लागून राहिला रे," ते म्हणाले.

"मलाही," मी म्हटलं. "उद्या डॉक्टरकडे जाऊ. ताईलाही बोलावतो."

"चाल. जाऊ." मग माझ्याकडे न पाहता, "पण हे आत्ता तू जे सांगितलं, ते मी उद्या विसरलो तर?"

"पुन्हा सांगीन."

"परवा विसरलो तर?"

"परवाही सांगीन, बाबा."

त्यांनी मान हलवली. समोरच्या घराकडे, शेजारच्या दाराकडे एकदा पाहिलं, कोणी उभं नव्हतं.

"मग हळू सांगत जा," ते म्हणाले. "गल्लीत ऐकू जाते."